हिंदुरावांची बहीण

दिल्लीत बदली होऊन आलो तेव्हा हिंदी बेताचेच येत होते. बँकेत जाण्यासाठी रोज बस पकडायची. बसमध्ये एक पुकारा ठरलेला असे, बाडा हिंदूराव. पहिले काही दिवस मला वाटे, आपल्याच कानांचा घोळ आहे. कोल्हापूरकडच्या माणसाला हिंदुराव हे नाव काही नवे नाही. आमच्या गावात दोन तर होतेच. पण सदर बाजाराच्या गर्दीत, त्या पंजाबी आणि उर्दू बोलण्यात, हा आमच्याकडचा हिंदुराव येऊन बसला कसा? पुढे टेकडीवरचे हिंदुराव रुग्णालयही पाहिले. शाखेतल्या दिल्लीकर सहकाऱ्यांना विचारले, तर कोणी सांगितले की हे जुन्या काळचे कोणी शेठ असावेत, कोणी म्हणाले की डॉक्टर असतील.

ते होते हिंदुराव घाटगे, आमच्या कागलचे. टेकडीवरचे ते घर मुळात विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचे. १८३५ साली फ्रेझरचा खून झाला आणि नंतर ते घर हिंदुरावांनी घेतले. १८५७ च्या वेढ्यात इंग्रजांनी तिथे मोर्चा लावला, त्यामुळे घराचे नाव इतिहासात चढले. मालक त्याआधीच वारले होते. पण कागलचा हा सरदार दिल्लीत राहायला आला तो हौसेने नव्हे. ग्वाल्हेरीत त्यांच्या बहिणीची सत्ता गेली आणि तिच्याबरोबर यांचेही बस्तान उठले. त्या बहिणीचे नाव बायजाबाई शिंदे. यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला, तेव्हा मी हाच विषय घेतला. नोकरीच्या निमित्ताने पुढे माझी बदली ग्वाल्हेर, उज्जैन आणि अलाहाबाद (आताचे प्रयागराज) अशी होत गेली, आणि गंमत अशी की प्रत्येक ठिकाणी या बाई माझ्या आधीच येऊन गेलेल्या निघाल्या.

बायजाबाईंचा जन्म १७८४ चा, कागलचा. वडील सखाराम घाटगे, म्हणजे इतिहासातले कुप्रसिद्ध सर्जेराव. महादजी शिंदे १७९४ साली वारले आणि दौलत, फौज, सगळा कारभार दौलतराव या कोवळ्या मुलाच्या हाती आला. सर्जेरावांनी या तरुण सरदाराला बरोबर हेरले. मुलगी देखणी होती, घोड्यावर बसणे आणि भाला-तलवार चालवणे शिकलेली होती. १७९८ च्या आरंभी पुण्यात लग्न झाले. नवरी चौदा वर्षांची. सासऱ्याला दिवाणगिरी मिळाली आणि पुणेकरांचे ग्रहण सुरू झाले. फौजेचा पगार थकलेला, लग्नाचा खर्च अफाट. तो वसूल करण्यासाठी सर्जेरावांनी पुण्यातल्या सावकार-सरदारांना पकडून, छळ करून पैसा उकळला. महादजींच्या विधवांचाही असा अपमान केला की त्या बायकांनी शस्त्र उचलले आणि शिंद्यांच्या घरातच युद्ध पेटले.

हे सगळे सांगायचे कारण असे की, बायजाबाईंच्या नावावर हे ओझे लग्नाच्या मांडवातच येऊन पडले. त्यांचा यात दोष काय? पण जगाचा हिशेब असाच असतो, बाप तसा तर लेक तशी. आमच्या गावाकडे मी एकदा बायजाबाईंचा विषय काढला, तर म्हातारी माणसे सर्जेरावांच्याच गोष्टी सांगत बसली. १८०९ साली शिंद्यांच्याच छावणीत भांडणात सर्जेराव मारले गेले.

मधला काळ मी भराभर सांगतो, कारण तो दौलतरावांच्या चरित्राचा भाग आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई हरली, त्याच वर्षाच्या अखेरीस सुर्जी अंजनगावचा तह झाला. महादजींनी मिळवलेल्या दिल्ली-आग्र्यावरचा ताबा गेला. १८१० च्या सुमारास दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली कायमचा तळ दिला. तळाचेच शहर झाले आणि म्हणून त्याचे नाव आजही लष्कर. ग्वाल्हेरला असताना मी या लष्कर भागातच राहत होतो. घरमालकांचे आडनाव मराठी, घरात बोलणे अर्धे हिंदी, पण गणपतीला उकडीचे मोदक चुकत नसत. ही वस्ती त्या तळावरून उतरलेली. १८१७ साली पेशव्यांनी इंग्रजांविरुद्ध शेवटचा डाव मांडला, तेव्हा नवऱ्याने पेशव्यांच्या बाजूने उठावे असा बायजाबाईंचा आग्रह होता, असे सांगतात. दौलतरावांनी इंग्रजांशी तह केला.

२१ मार्च १८२७ रोजी दौलतराव वारले. मुलगा नाही. कारभार बायजाबाईंनी पाहावा, अशी त्यांची इच्छा होती. नात्यातल्या शिंद्यांपैकी अकरा वर्षांचा मुकुटराव दत्तक घेण्यात आला, त्याचे नाव जनकोजीराव ठेवले, आणि बाईंनी राज्य चालवायला घेतले. सहा वर्षे चालवले. मी बँकेतला माणूस असल्यामुळे मला या सहा वर्षांत सर्वांत रस वाटतो तो त्यांच्या पैशाच्या व्यवहारात. त्या काळी राजेरजवाड्यांना सावकारांचे कर्ज ही नित्याची गोष्ट. फौज उभी करायची ती कर्जावर, पगार द्यायचा तो मुलुखाच्या वसुलीवर आगाऊ उचल घेऊन. बायजाबाईंनी हे नाते उलटे केले. त्यांचा स्वतःचा पैसा पेढ्यांतून फिरत होता, हुंड्यांचे व्यवहार होत होते, उज्जैनच्या सावकारी बाजारात त्यांचा दबदबा होता. खुद्द कंपनी सरकारनेही त्यांच्याकडून मोठी रक्कम कर्जाऊ घेतली. म्हणजे जिच्या फौजेचे दात पाडले, तिच्याच पुढे इंग्रज ऋणको म्हणून उभे. ऋणकोला धनको कधी फारसा आवडत नाही, हे आमच्या वसुली विभागात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

याच काळात काशीचे काम झाले. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडप १८२८ चा, बायजाबाईंनी बांधवलेला. मणिकर्णिकेला लागून शिंद्यांचा घाट, तोही त्यांचाच, १८३० च्या सुमाराचा. घाट इतका भरभक्कम बांधला की गंगेकाठच्या मातीला वजन सोसले नाही आणि तो खचला. पुढे विसाव्या शतकात तो पुन्हा बांधून काढावा लागला.

आता भांडणाचा भाग. दत्तक मुलगा वाढत होता. त्याच्या मनात आणि त्याहून जास्त त्याच्या भोवतालच्या मंडळींच्या मनात येऊ लागले की गादी आपली, मग शिक्का बाईंच्या हातात का? बाईंचे म्हणणे, आपण हयात असेपर्यंत कारभार आपलाच. दोघांनाही आपापल्या परीने कायदा होता. ज्यांचा शब्द चालायचा ते इंग्रज एकदा इकडे मान हलवत, एकदा तिकडे. १८३२ च्या अखेरीस गव्हर्नर जनरल बेंटिंक स्वतः ग्वाल्हेरला येऊन गेला. त्याने मुलाला सबुरीचा सल्ला दिला, बाईंना कायमचे आश्वासन दिले नाही, आणि निघून गेला. मला तर वाटते, त्याने ते भांडण मिटवण्याऐवजी पिकायला ठेवले. जुलै १८३३ मध्ये फौज जनकोजीरावांच्या बाजूने उठली. बायजाबाईंना राजवाडा सोडून रेसिडेंटच्या आश्रयाला जावे लागले आणि मग राज्यच सोडावे लागले.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दत्तक मुलाशी त्या मायेने वागल्या असे म्हणायला मला आधार सापडलेला नाही. पोरक्यासारखे वाढवलेले पोर मोठे झाल्यावर उलटले, तर त्यात नवल वाटायला नको. बायजाबाईंचे मराठी चरित्र दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी फार आदराने लिहिले आहे. त्यांच्या आदराबद्दल मला आदरच आहे, पण या ठिकाणी माझे मन जरा अडखळते.

मग सुरू झाली भटकंती. धोलपूर, आग्रा, फर्रुखाबादजवळचे फतेहगड, अलाहाबाद. सोबत शेकडो माणसे, घोडे, तंबू. इंग्रजांचा हेका असा की बाईंनी दक्षिणेत किंवा काशीला जाऊन राहावे, सालाना चार लाखांची नेमणूक घ्यावी आणि स्वस्थ बसावे. बाई हलेनात. उन्हाळ्यात तंबूत राहिल्या, पण ग्वाल्हेरपासून लांब जायला तयार होईनात. हेका दोन्हीकडे होता. एकदा नेमणूक घेऊन दक्षिणेत गेले की ग्वाल्हेरवरचा हक्क सोडला असाच अर्थ होणार, हे त्यांना कळत होते.

या काळातल्या बायजाबाई आपल्याला जवळून दिसतात त्या एका इंग्रज बाईमुळे. फॅनी पार्क्स तिचे नाव. नवरा अलाहाबादेत कंपनीचा अधिकारी होता. बाई मोठी चौकस, हिंदुस्थानी बोलणारी, सतार वाजवणारी. १८३५ साली ती फतेहगडच्या छावणीत बायजाबाईंना भेटली आणि पुढे अलाहाबादेतही भेटत राहिली. तिचे दोन खंडांचे प्रवासवर्णन १८५० साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून दिसते ते असे. पन्नाशीची, केस पांढरे झालेली, ठेंगणी, नाजूक हातापायांची बाई गादीवर बसली आहे. अंगावर साधे वस्त्र, विधवा म्हणून दागिने नाहीत, हातात काय ते सोन्याचे लहान कंगण. पायाशी गादीवर दौलतरावांची तलवार. शेजारी नात गजराजा.

घोड्यांचा विषय निघाला आणि छावणीत रंग भरला. इंग्रज बायका दोन्ही पाय एका बाजूला सोडून घोड्यावर बसतात, हे ऐकून मराठ्यांच्या बायकांना ते खरेच वाटेना. शेवटी पार्क्सबाईने स्वतःचे खोगीर आणवून बसून दाखवले आणि मग मराठी पद्धतीने लुगडे नेसून, पुरुषासारखी मांड टाकून घोडा फिरवून पाहिला. तिला ही दुसरी तऱ्हा भलतीच पसंत पडली. आमच्या मंडळाच्या महिला विभागाने दोन वर्षांपूर्वी शोभायात्रेत नऊवारी नेसून मोटारसायकली चालवल्या तेव्हा कॉलनीतल्या काही ज्येष्ठांनी नाके मुरडली होती. त्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

पण मला त्या भेटींतला दुसराच प्रसंग जास्त लक्षात राहिला आहे. दोघी एकदा बायकांच्या स्थितीविषयी बोलत बसल्या. राज्य गेलेली विधवा आणि राज्य करणाऱ्या जातीची सवाष्ण. बायजाबाईंना विधवापणाचे नियम भोगून माहीत होते. पार्क्सबाईने विलायतेतला कायदा सांगितला. लग्न झालेल्या बाईचे तिथे स्वतःचे असे काहीच उरत नसे, मिळकत नवऱ्याची, तीही नवऱ्याच्या ताब्यात. ज्या बाईने स्वतःच्या नावावर पेढ्या चालवल्या, कंपनीला कर्ज दिले, तिने हे ऐकून घेतले तेव्हा तिच्या मनात काय आले असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. आपल्याला बाजूला सारणाऱ्या लोकांच्या घरात बायकांची ही कथा!

अलाहाबादला माझी बदली झाली तेव्हा यमुनेच्या काठाने मी बरेच फिरलो. तळ नेमका कुठे पडला होता ते काही मला ओळखता आले नाही. वाळू दर पावसाळ्यात नवी. पण एक मात्र जाणवले. अलाहाबादच्या मे महिन्यात दुपारी बँकेत पंखा बंद पडला तर आम्ही अर्ध्या तासात संतापून वीजमंडळाला फोन लावत असू. आणि या बाई तंबूत बसून कलकत्त्याच्या पत्रांची वाट पाहत होत्या.

अखेर त्यांना वाकावे लागले. नेमणूक स्वीकारून त्या दक्षिणेत नाशिकला जाऊन राहिल्या. पंचवटी, गोदावरी, चार लाख रुपये. दुसऱ्या कोणी तिथेच समाधानाने शेवट केला असता. १८४३ च्या फेब्रुवारीत जनकोजीराव तरुण वयातच वारले. त्यांनाही मुलगा नव्हता. पुन्हा दत्तक, पुन्हा लहान मूल गादीवर. हे जयाजीराव. त्याच वर्षी २९ डिसेंबरला महाराजपूर आणि पनिआर इथे इंग्रजांनी एकाच दिवशी दोन लढायांत ग्वाल्हेरची फौज मोडली. ज्या मुलाशी वैर होते तो गेल्यावर बायजाबाईंना उत्तरेची वाट मोकळी झाली. आधी उज्जैन, मग ग्वाल्हेर. उज्जैनच्या भर बाजारातले गोपाळ मंदिर त्यांचेच. पंढरपूरला चंद्रभागेकाठी महाद्वार घाटावर शिंद्यांच्या वाड्याला लागून असलेले द्वारकाधीशाचे मंदिरही त्यांनीच बांधवले. वारीला जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी त्याकडे मान वळवून पाहिले असेल? मीही पाहिले नव्हते.

आता १८५७. आपल्यापैकी पुष्कळांनी विष्णुभट गोडसे यांचे माझा प्रवास वाचले असेल. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक कर्ज फेडण्यासाठी उत्तरेत निघाला, कारण बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा सर्वतोमुख यज्ञ करणार, लाखो रुपये खर्च होणार, दक्षिणा उत्तम मिळणार, अशी बातमी कोकणापर्यंत पोचली होती. वाटेत महूजवळच बंडाची गाठ पडली आणि यज्ञाला निघालेला भटजी झाशीच्या वेढ्यात सापडला. बाईंच्या यज्ञाच्या बातमीमुळे मराठीला ते पुस्तक मिळाले. यज्ञ हा नुसता बहाणा होता, आत कटाची जुळवाजुळव होती, असेही काहींनी लिहिले आहे. पुराव्याने ते सिद्ध झालेले नाही.

जून १८५८ च्या पहिल्या दिवशी तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरवर आले. जयाजीरावांची फौज जाऊन त्यांना मिळाली. जयाजीराव आणि दिवाण दिनकरराव राजवाडे आग्र्याकडे पळाले. शिंद्यांच्या घरातल्या बायकांना घेऊन बायजाबाई नरवरला गेल्या. तेव्हा वय चौऱ्याहत्तर. रावसाहेबांची पत्रे आली की आपण यावे, राज्य आपले आहे, कारभार हाती घ्यावा. पंचवीस वर्षे ज्या गोष्टीसाठी त्या तंबू ठोकत आणि उठवत फिरल्या, ती गोष्ट निरोपासह दाराशी आली होती. द्यायला कोण आले होते, तर पेशव्यांच्या घरातले, ज्यांच्यासाठी १८१७ साली त्यांनी नवऱ्याकडे आग्रह धरला होता असे सांगतात.

बायजाबाईंनी ती पत्रे इंग्रजांचा अधिकारी हॅमिल्टन याच्या हवाली केली.

दोन आठवड्यांनी राणी लक्ष्मीबाई कोटा की सराय इथे लढताना जखमी होऊन गेल्या. २० जूनला ग्वाल्हेर इंग्रजांनी परत घेतले.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. ग्वाल्हेरला फुलबागेजवळ राणीची समाधी आहे. रविवारी तिथे जाऊन बसायची माझी सवय होती. त्या आठवड्यात गेलो नाही. मनात बाईंबद्दल राग होता. सहकाऱ्यांत वादही झाला. एक म्हणाला, रक्तच सर्जेरावांचे. दुसरा, जो स्वतः ग्वाल्हेरचाच मराठी, त्याने शांतपणे विचारले की हरणारी बाजू ओळखल्यावर शिंद्यांचे घर कोणी वाचवायचे होते?

माझे मत इतक्या वर्षांत थोडे बदलले आहे. असईपासून महाराजपूरपर्यंत प्रत्येक वेळी इंग्रजांशी लढून काय हाती येते, ते या बाईंनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. तात्यांच्या तोफा फार दिवस टिकणार नाहीत हा त्यांचा हिशेब होता आणि तो खरा ठरला. ग्वाल्हेरचे राज्य राहिले. झाशीचे गेले. पण पत्रे फाडून टाकता आली असती, उत्तर न देता गप्प बसता आले असते. ती पुढे पाठवणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती मला अजूनही सलते. राणीचा आदर आणि बाईंविषयी वाटणारी ओढ, दोन्ही माझ्या मनात शेजारी शेजारी राहतात. भांडतातही. असो.

२७ जून १८६३ रोजी बायजाबाई ग्वाल्हेरलाच वारल्या. कागलचा जन्म, पुण्याचे लग्न, नाशिकची नेमणूक, आणि देह ठेवला तो उत्तरेत.

निवृत्तीनंतर आता गावाकडून दर दिवाळीला फोन येतो की घर रिकामे आहे, कधी येताय. सौ. म्हणते, जाऊ. मी म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. हे आमचे गेली सहा वर्षे चालले आहे.

मंडळींपैकी कोणी काशीयात्रेला जाणार असेल तर एक सांगून ठेवतो. दशाश्वमेधावरून नाव करावी आणि मणिकर्णिकेच्या पुढे थोडे जायला सांगावे. काठावर अर्धे पाण्यात कललेले रत्नेश्वराचे देऊळ दिसेल, त्याला लागूनच बाईंचा घाट. नावाड्याला सांगताना मात्र सिंधिया घाट म्हणा. शिंदे घाट म्हटले तर त्याला कळत नाही. मी तीनदा म्हणून पाहिले.